एकाच अध्यायातली दोन वाक्ये: मडगावच्या त्रैक्य-अभ्यासवर्गाविषयी

गेल्या पावसाळ्यात मडगावात सहा शनिवार चाललेल्या एका मराठी अभ्यासवर्गाला मी पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर होतो. त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण या विषयावर मराठीतून, शांतपणे आणि दोन्ही बाजूंच्या तयारीने चाललेला दुसरा वर्ग मी गोव्यात पाहिलेला नाही. वर्गाला नाव नव्हते. ज्यांच्या घरी तो भरे त्या बाई आणि येणारी मंडळी त्याला नुसते ‘शनिवारचा वर्ग’ म्हणत. विषय मात्र पहिल्याच टिपणावर स्पष्ट लिहिला होता: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती आणि तरी देव एकच, ही त्रैक्याची शिकवण पवित्र शास्त्रातून निघते, की नंतरच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, ती शास्त्रावर ठेवली?

माझे घराणे नगर जिल्ह्यातले, चार पिढ्यांचे प्रोटेस्टंट. नोकरीमुळे वडील वास्कोला आले आणि आम्ही इथलेच झालो. लहानपणी रविवारच्या शाळेत त्रैक्याच्या पुराव्यांची एक यादी पाठ करून घेतली होती, आणि ती यादी मी पन्नाशी उलटेपर्यंत जशीच्या तशी बाळगली. पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे असे ठरवणाऱ्या निकेयाच्या परिषदेला २०२५ साली १७०० वर्षे झाली, तेव्हा पुष्कळ व्याख्याने झाली आणि पुष्कळ प्रार्थनासभा झाल्या. पण माझ्या यादीतले कोणते वचन टिकते आणि कोणते टिकत नाही, हे कोणी सांगेना. या वर्गाची बातमी एका कॅथलिक शेजाऱ्याने दिली, आणि मी वास्कोहून दर शनिवारी कदंबच्या बसने मडगावला जाऊ लागलो.

व्यवस्थेविषयी थोडक्यात सांगतो. शुल्क सहा बैठकींचे मिळून ६०० रुपये, त्यात छापील टिपणे आणि चहा. बैठक संध्याकाळी पाच ते साडेसात. मंडळी वीस-बावीस, त्यांत निम्मे कॅथलिक, पाच-सहा आमच्यासारखे मराठी प्रोटेस्टंट आणि फोंड्याहून येणारे तीन हिंदू वाचक, ज्यांचे प्रश्न बहुतेक वेळा सगळ्यांत नेमके असत. बोलणारे दोघे. त्रैक्याच्या बाजूने वसईकडचे एक निवृत्त धर्मगुरू, ज्यांना सगळे फादर म्हणत; दुसऱ्या बाजूने एक निवृत्त शिक्षक, जे आयुष्यभर चर्चला जातात, पण पिता हाच एकटा देव आणि येशू त्याने नेमलेला ख्रिस्त, असे मानतात. त्यांना सगळे सर म्हणत. सरांनी स्वतःसाठी युनिटेरियन हा शब्द वापरला आणि त्याबद्दल त्यांना कोणी टोकले नाही. ज्या भूमीत १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड वगळता, धर्ममतावरून शिक्षा देणारे इन्क्विझिशनचे न्यायालय होते, तिथे एक धर्मगुरू आणि एक युनिटेरियन एकाच टेबलाशी बसून एकमेकांना ग्रीक पाठ काढून दाखवतात, हे पाहताना मला मनापासून समाधान वाटले.

पहिली संध्याकाळ जुन्या कराराची होती आणि माझ्या यादीला पहिला धक्का तिथेच बसला. उत्पत्तीच्या पहिल्या वाक्यात देवासाठी आलेला ‘एलोहीम’ हा हिब्रू शब्द रूपाने बहुवचनी आहे, तेव्हा त्यात त्रैक्य सूचित आहे, असे आम्हाला शिकवले होते. सरांनी फक्त तीन संदर्भ वाचले. शास्त्यांच्या पुस्तकात (११:२४, म्हणजे अध्याय ११, ओवी २४) अम्मोन्यांच्या राजाला निरोप धाडताना कमोश या एकट्या दैवताला हाच शब्द लावला आहे; शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात (५:७) दागोन या दैवताला तोच; आणि निर्गमात (७:१) देव मोशेला म्हणतो की मी तुला फारोपुढे ‘एलोहीम’ केले आहे. यांपैकी कोणीही त्रिएक नाही. मराठी माणसाला हे समजायला सोपे जावे, कारण आपण ‘गुरुजी आले’ म्हणतो तेव्हा दोन गुरुजी आलेले नसतात. फादरांनी इथे एक महत्त्वाचा फरक दाखवला: मराठीत आदरासाठी क्रियापदही अनेकवचनी होते, तर उत्पत्तीच्या पहिल्या वाक्यात नाम बहुवचनी रूपाचे असूनही ‘निर्माण केली’ हे क्रियापद एकवचनीच आहे. म्हणजे व्याकरण उलट एकत्वाकडेच झुकते. फादरांनी हे स्वतःहून मान्य केले, आणि त्या क्षणापासून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

‘हे इस्राएला, ऐक’ या, अनुवाद नावाच्या पुस्तकातल्या (६:४) वचनातील ‘एखाद’ या शब्दाचेही तसेच. त्याचा अर्थ संयुक्त एकत्व असा होतो, कारण पतिपत्नी ‘एकदेह’ होतात तिथेही तोच शब्द आहे, असा युक्तिवाद मी स्वतः अनेकांपुढे केला आहे. पण ‘एक कुटुंब’ म्हटल्याने ‘एक’ या संख्येचा अर्थ बदलत नाही. अनेकपणा कुटुंबात असतो, एकात नसतो. उपदेशकात (४:८) ‘एकटा आहे, त्याला दुसरा कोणी नाही’ असे म्हणतानाही ‘एखाद’ हाच शब्द आला आहे. हा पुरावा मी त्याच रात्री वहीतून खोडला. उत्पत्तीतल्या ‘आपल्यासारखा मनुष्य करू’ या वचनावर चर्चा झाली, पण देव इथे देवदूतांच्या सभेशी बोलतो की काय, या प्रश्नाशी ती येऊन थांबली आणि कोणाचेच समाधान झाले नाही. एवढे मात्र ठरले की त्या एका ‘आपण’वर सिद्धान्त उभा करता येत नाही.

दुसरी आणि तिसरी संध्याकाळ योहानाच्या शुभवर्तमानाला दिली होती, आणि वर्गाचे शुल्क त्या दोन संध्याकाळींतच वसूल झाले असे मी म्हणेन. आपल्या मराठी बायबलात पहिले वाक्य आहे: ‘प्रारंभी शब्द होता, आणि शब्द देवासह होता, आणि शब्द देव होता.’ ग्रीकमध्ये ‘देवासह’ म्हणताना ‘थिओस’, म्हणजे देव, या शब्दाला निश्चित उपपद (इंग्रजीतल्या ‘द’सारखे) आहे. ‘शब्द देव होता’ म्हणताना ते नाही. यहोवाचे साक्षी म्हणवणाऱ्या पंथाच्या भाषांतरात १९५० पासून इथे ‘एक देव’ या अर्थाचे इंग्रजी शब्द येतात. आता मराठीला असे उपपदच नाही. त्यामुळे मराठी वाचकाला हा वाद डोळ्यांनी दिसत नाही, आणि इंग्रजीतून भांडणारी मंडळी ज्या एका लहानशा शब्दावरून भांडतात, तो मराठी वाक्यात कुठे शोधावा हेच कळत नाही. फादरांनी हे फळ्यावर मांडले आणि मग सांगितले की उपपद नसले म्हणजे ‘एक देव’ असाच अर्थ होतो असे नाही. त्याच अध्यायात सहाव्या, बाराव्या आणि तेराव्या ओवीत पित्याविषयी बोलतानाही उपपद नाही. त्याच वेळी त्यांनी आमच्या बाजूची एक जुनी सवयही दुरुस्त केली. कॉलवेल या अभ्यासकाने १९३३ मध्ये मांडलेला व्याकरणाचा नियम पुढे करून ‘थिओस इथे निश्चितच आहे’ असे म्हणणे चुकीचे आहे. तो नियम ज्या नामांचा निश्चित अर्थ आधीच ठरलेला आहे त्यांना लागू पडतो. त्यावरून उलटा निष्कर्ष निघत नाही. शिवाय ‘शब्द’ आणि ‘पिता’ हे दोन्ही अगदी एकच ठरवले, तर ‘देवासह होता’ याला अर्थच उरत नाही. हार्नर यांनी १९७३ मध्ये दाखवले की अशा रचनेत नाम बहुधा स्वरूप सांगते: जे देवाचे स्वरूप, तेच शब्दाचे. सरांनी हे वाचन शक्य आहे असे मानले. मात्र देवाचा शब्द म्हणजे देवाचे बोलणे आणि त्याची योजना, व्यक्ती नव्हे, असे ते म्हणाले. ‘शब्द देही झाला’ या चौदाव्या ओवीपर्यंत त्यांचा मुद्दा टिकतो. पुढे तो मला जड वाटला, आणि त्यांनाही थोडा जड वाटत असावा, कारण त्या ओवीवर ते फार थोडे बोलले.

‘मी आणि पिता एक आहोत’ (१०:३०) या वचनावर एक तास गेला. तिथला ‘एक’ ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी आहे, ‘हेन’, पुल्लिंगी ‘हाइस’ नव्हे. म्हणजे एक व्यक्ती नव्हे, एक काहीतरी. मराठीत ‘एक’ला लिंगच नसल्यामुळे इथेही वाचक अंधारात राहतो. सरांनी लगेच करिंथकरांस पहिल्या पत्रातले वचन (३:८) काढले: रोप लावणारा आणि पाणी घालणारा हे ‘हेन’ आहेत, म्हणजे एका कामाचे, आणि पुढे सतराव्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांसाठी प्रार्थना करतो की आपण जसे एक आहोत तसे त्यांनीही एक व्हावे. हा मुद्दा बिनतोड आहे, आणि केवळ दहाव्या अध्यायातल्या त्या एका वाक्यावर त्रैक्य सिद्ध करणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. फादरांनी त्याला उत्तर न देता पुढचे वाक्य वाचले: यहूद्यांनी त्याला मारायला दगड उचलले. एका कामाचे आहोत असे म्हणणाऱ्या माणसाला कोणी दगड मारत नाही. सर म्हणाले, दगड उचलणाऱ्यांचा गैरसमज झाला होता. फादर म्हणाले, असेल, पण योहानाने तो गैरसमज पुढे कुठे स्वच्छ दूर केलेला नाही. हे संभाषण मी शब्दशः लिहून ठेवले आहे, कारण मतभेद कसा असावा हे मला त्यातून दिसले.

पण मला जे घरी घेऊन जायचे होते ते तिसऱ्या संध्याकाळी, विसाव्या अध्यायात मिळाले. सतराव्या ओवीत पुनरुत्थित येशू मरियेला म्हणतो की माझ्या पित्याकडे आणि तुमच्या पित्याकडे, माझ्या देवाकडे आणि तुमच्या देवाकडे मी जातो. अठ्ठाविसाव्या ओवीत थोमा हा शिष्य त्याच येशूला म्हणतो, ‘माझा प्रभू व माझा देव.’ दोन वाक्यांत केवळ अकरा ओव्यांचे अंतर. सरांच्या बाजूची सगळी शक्ती पहिल्या वाक्यात आहे: ज्याला स्वतःचा देव आहे तो देव कसा? आमच्या बाजूची सगळी शक्ती दुसऱ्यात आहे: हे उद्गार ऐकून येशू थोमाला गप्प करत नाही, उलट त्याचा विश्वास मान्य करतो. योहानाने ही दोन्ही वाक्ये एकाच पानावर का ठेवली, हा प्रश्न फोंड्याच्या एका काकांनी विचारला. फादरांनी त्यावर घाईने उत्तर दिले नाही. ते म्हणाले की त्रैक्य हा शब्द योहानाला ठाऊक नव्हता, पण त्याच्या पानावर जी अडचण आहे तीच पुढे त्रैक्य झाली. पहिले वाक्य सोडले की येशूची खरी प्रार्थना खोटी ठरते; दुसरे सोडले की थोमा मूर्तिपूजक ठरतो. थोमाचे नाव आपल्या देशाशी शतकानुशतके जोडलेले आहे, म्हणून हे वाक्य आमच्या कानांवर लहानपणापासून पडत आले. त्याच्या शेजारी सतरावी ओवी उभी आहे, हे मात्र मी पन्नाशीनंतर पाहिले.

चौथ्या संध्याकाळचा पहिला अर्धा भाग एका वाक्याला दिला होता. योहानाच्या पहिल्या पत्रात (५:७) ‘स्वर्गात साक्ष देणारे तीन आहेत, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघे एक आहेत’ असे जुन्या इंग्रजी बायबलात छापलेले आहे. माझ्या वडिलांकडे १६११ च्या जेम्स राजाच्या भाषांतराची एक प्रत होती आणि त्यांनी या वाक्याखाली निळ्या शाईने रेघ मारली होती. संपूर्ण बायबलात त्रैक्य इतक्या उघडपणे सांगणारे दुसरे वाक्य नाही, आणि नेमके हेच मूळचे नाही. चौदाव्या शतकापूर्वीच्या एकाही ग्रीक हस्तलिखिताच्या मुख्य मजकुरात ते सापडत नाही. लॅटिन परंपरेत ते पानाच्या समासातून मजकुरात शिरले असावे. ग्रीक नवा करार संपादणाऱ्या इरॅस्मस या विद्वानाने १५१६ आणि १५१९ च्या ग्रीक आवृत्त्यांत ते घेतले नाही आणि १५२२ मध्ये टीकेच्या दडपणाखाली घेतले. आयझॅक न्यूटनने १६९० मध्ये त्याविरुद्ध दीर्घ निबंध लिहिला, जो त्याच्या मृत्यूनंतर १७५४ मध्ये छापला गेला. कॅथलिक मंडळीच्या १९७९ च्या अधिकृत लॅटिन बायबलातूनही ते वाक्य गेले आहे. हे सगळे फादरांनीच सांगितले, सरांना बोलावे लागले नाही. घरी आल्यावर मी वडिलांची ती प्रत काढून बसलो. निळी रेघ तशीच ठेवली. शेजारी पेन्सिलीने वर्षे लिहिली.

त्याच संध्याकाळी मत्तयातील बाप्तिस्म्याची आज्ञा (२८:१९) झाली, आणि इथे आपली मराठी उपयोगी पडली. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या ‘नावाने’ असे आपण म्हणतो, ‘नावांनी’ नाही. ग्रीकमध्येही शब्द एकवचनी आहे. वर्गातल्या कॅथलिक बायकांनी कोंकणीतले रोजचे ‘बापाच्या, पुताच्या आनी पवित्र आत्म्याच्या नांवान’ म्हणून दाखवले. तिथेही एकच नाव. मी त्यावर खूश झालो, पण सरांनी उत्पत्तीतील (४८:१६) एक वाक्य दाखवले, जिथे अब्राहाम आणि इसहाक या दोघांचे मिळून ‘नाव’ हिब्रूत एकवचनीच आहे. तिघे एका ओळीत उभे आहेत, हे या वचनातून निर्विवाद दिसते. तिघांचे स्वरूप एक आहे, हे एकट्या या वचनातून निघत नाही.

पाचवी संध्याकाळ प्रेषित पौलाच्या पत्रांची, आणि युक्तिवादाच्या दृष्टीने हीच सर्वांत सकस. करिंथकरांस पहिल्या पत्रात (८:६) पौल ‘आपल्याला एकच देव, म्हणजे पिता, आणि एकच प्रभू, म्हणजे येशू ख्रिस्त’ असे म्हणतो. सरांनी हे आपल्या बाजूचे सर्वांत स्वच्छ वचन म्हणून वाचले, आणि पहिल्या वाचनात ते तसेच वाटते: देव हा शब्द पित्यासाठीच. फादरांनी त्याच्याशेजारी ‘हे इस्राएला, ऐक’ हे वचन जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरातून लिहिले. तिथे ‘प्रभू’, ‘देव’ आणि ‘एक’ हे तीनच मोठे शब्द आहेत. पौलाने ते तिन्ही उचलले आणि ‘देव’ पित्याकडे, ‘प्रभू’ येशूकडे दिला, ‘एक’ दोघांकडे ठेवला. एखादा यहूदी माणूस आपल्या रोजच्या प्रार्थनेच्या वाक्यात दुसऱ्या कोणाला सहज जागा देत नाही. त्यानंतर फिलिप्पैकरांस पत्र (२:१०-११): येशूच्या नावाने प्रत्येक गुडघा टेकेल. हे शब्द यशयाचे (४५:२३) आहेत, आणि तिथे ते देव स्वतःविषयी, आपल्यावाचून दुसरा नाही असे बजावल्यानंतर लगेच बोलतो. हे दोन उतारे शेजारी शेजारी ठेवल्यावर सर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी सांगितले की त्या ओळींचा शेवट ‘देव जो पिता त्याच्या गौरवासाठी’ असा आहे आणि येशूला ते नाव देवाने ‘दिले’ आहे. ज्याला द्यावे लागते त्याच्याकडे ते आधी नसते. फादरांनी हेही मान्य केले आणि सांगितले की पुत्राचे सर्व काही पित्याकडून आहे, हे त्रैक्य मानणारेही म्हणतातच. माझ्या यादीत फिलिप्पैकरांस पत्र होते, पण यशया नव्हता. म्हणजे पुराव्याचे टरफल होते आणि गर नव्हता.

सहाव्या संध्याकाळी मात्र वर्ग घसरला, आणि तक्रार केली पाहिजे ती इथेच. या एका बैठकीत पवित्र आत्मा आणि निकेया असे दोन्ही विषय कोंबले होते. पवित्र आत्म्याला जेमतेम चाळीस मिनिटे मिळाली, आणि ज्या शिकवणीत तिसऱ्या व्यक्तीशिवाय त्रैक्य होतच नाही तिच्या वर्गात हे अक्षम्य आहे. प्रेषितांच्या कृत्यांतील (५:३-४) हनन्याचा प्रसंग वाचला, जिथे पवित्र आत्म्याशी खोटे बोलणे म्हणजे देवाशी खोटे बोलणे ठरते, आणि करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा शेवटचा आशीर्वाद वाचला. पण ‘आत्मा व्यक्ती आहे की देवाची शक्ती’ या मूळ प्रश्नाला हात लागला न लागला तोच घड्याळ पुढे गेले. ग्रीकमध्ये आत्म्याचा शब्द नपुंसकलिंगी, हिब्रूत बहुधा स्त्रीलिंगी, आणि आपल्या मराठीत पुल्लिंगी. त्यामुळे मराठी वाचक ‘तो शिकवील’ असे वाचतो आणि व्यक्ती गृहीत धरतो, तर योहानात ‘तो’ हे पुल्लिंगी सर्वनाम मुळात ‘कैवारी’ या अर्थाच्या पुल्लिंगी शब्दाशी जुळतो. तीन लिंगे असलेल्या भाषेत हा मुद्दा किती सुंदर समजावता आला असता! टिपणात त्यावर दोन ओळी होत्या.

निकेयाचा भाग धावता झाला, तरी त्यातले तीन मुद्दे मी कधी विसरणार नाही. पहिला असा की पुत्र हा निर्माण केलेला आहे असे शिकवणाऱ्या आरियसचे मुख्य शस्त्रही शास्त्रच होते: नीतिसूत्रांतील (८:२२) ‘ज्ञान’ स्वतःविषयी बोलते त्या वचनाच्या ग्रीक अनुवादात ‘परमेश्वराने मला निर्माण केले’ असे आहे, आणि ते ज्ञान म्हणजे ख्रिस्त, हे दोन्ही बाजूंना मान्य होते. दुसरा असा की ३२५ साली निकेयाने स्वीकारलेला ‘होमोऊसिओस’, म्हणजे एकाच तत्त्वाचा, हा शब्द बायबलात नाही हे आरियसचा विरोधक अथनेसियस उघड मान्य करतो. शब्द नसला तरी शास्त्राचा आशय तोच आहे, असे तो म्हणतो. त्याआधी कार्थेजच्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने २१३ च्या सुमारास ‘त्रिनितास’ हा लॅटिन शब्द वापरला होता. आणि तिसरा असा की ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या मतांगीकारातही (विश्वासाच्या कबुलीतही) पवित्र आत्म्याला थेट ‘देव’ म्हटलेले नाही. त्याला प्रभू आणि जीवन देणारा म्हटले आहे, आणि पित्यासह आणि पुत्रासह त्याची आराधना होते असे म्हटले आहे. ज्यांनी ही शिकवण घडवली तेही किती जपून शब्द टाकत होते, हे यातून कळते.

फादरांनी शेवटी आपली भूमिका सांगितली ती मला प्रामाणिक वाटली. कॅथलिक मंडळी शास्त्र आणि परंपरा यांना एकत्र वाचते, तेव्हा सूत्र शास्त्रात शब्दशः नसणे ही त्यांच्यापुढची अडचण नाही. अडचण आम्हा प्रोटेस्टंटांची, जे केवळ शास्त्र म्हणतो. नव्या कराराच्या सत्तावीस पुस्तकांची आजच्यासारखी यादी प्रथम देणारा ३६७ चा लेखही अथनेसियसचाच आहे, याची त्यांनी आठवण करून दिली. सरांनी त्यावर विचारले की मग ज्याने यादी केली त्याचे मत वाचताना सावध राहायला नको का? हा प्रश्न अनुत्तरित राहिला, आणि तो अनुत्तरित राहू दिला याबद्दल मी दोघांचाही आभारी आहे.

माझे मत असे झाले आहे की ‘शास्त्र त्रैक्य शिकवते का’ हा प्रश्न विचारताना आपण दोन वेगळे प्रश्न एकात मिसळतो. शास्त्रात तो सिद्धान्त मांडलेला आहे का, असा अर्थ असेल तर उत्तर नाही असे आहे, आणि ते मानायला मला आता संकोच वाटत नाही. शास्त्रातली सर्व वाक्ये खरी धरल्यावर दुसरे कोणते वाचन त्यांना कमी मोडतोड करून सांभाळते का, असा अर्थ असेल तर सहा शनिवारांत मला तसे दुसरे वाचन दिसले नाही. सरांच्या वाचनात थोमाचे उद्गार आणि गुडघे टेकणे बारीक करावे लागते. जे त्रैक्यवादी येशूला नुसता पृथ्वीवर वावरणारा देव करून टाकतात, त्यांना ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ (योहान १४:२८) आणि ‘तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही’ (मार्क १३:३२) ही वाक्ये बारीक करावी लागतात.

टिपणांविषयी एक गंभीर उणीव सांगितली पाहिजे. ती कुठल्याशा इंग्रजी पुस्तकावरून घाईने मराठीत उतरवलेली होती. ‘व्यक्ती’ हा शब्द लॅटिन ‘पर्सोना’साठी आहे आणि त्याचा अर्थ आपल्या रोजच्या ‘माणूस’सारखा नाही, हे त्यांत कुठेच सांगितलेले नव्हते, म्हणून पहिल्या संध्याकाळी अर्धा तास तीन देव आहेत की काय यावरच गेला. त्याहून खेदाची गोष्ट म्हणजे मराठी माणसाने या प्रश्नाशी आधीच केलेली झुंज टिपणांत नव्हती. पंडिता रमाबाईंचा १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी तिथल्या आपल्या शिक्षिकांना लिहिलेल्या पत्रांत त्रैक्याविषयी आणि अथनेसियसच्या नावाने चालणाऱ्या मतांगीकाराविषयी निर्भीड शंका काढल्या. मी ते मान्य करते असे केवळ तुमच्या सांगण्यावरून म्हणणार नाही, हा त्यांचा बाणा. त्याच रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले आणि १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते काम पुरे केले. बंगालात राममोहन रॉय आणि सेरामपूरचे मिशनरी मार्शमन यांच्यात १८२० नंतर याच विषयावर वाद झाला, आणि राममोहनांबरोबर शुभवर्तमानांच्या बंगाली भाषांतरावर काम करणारे विल्यम अॅडम हे मिशनरी १८२१ मध्ये स्वतःच युनिटेरियन झाले. मी हे शेवटच्या दिवशी बोललो तेव्हा सगळ्यांना ऐकावेसे वाटले, पण वेळ संपली होती.

आणि राचोल तर मडगावच्या शेजारी आहे. तिथे १६१६ मध्ये छापलेल्या, जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणाची सुरुवातच ‘देवा बापा सर्वसमर्था’ अशा नमनाने होते. मराठी ओवीत पिता, पुत्र आणि आत्मा यांना कोणत्या नावांनी हाक मारावी, याचा विचार सासष्टीत, म्हणजे मडगावच्याच तालुक्यात, चारशे वर्षांपूर्वी झाला. बाणावलीला पवित्र त्रैक्याच्या नावाचे चर्च उभे आहे. असे असताना मराठी वर्गात त्या ग्रंथाचे एक पानही उघडले गेले नाही, हे मला खटकले, आणि तसे मी बाईंना लिहून दिले.

ज्यांना आपली श्रद्धा कोणी उलटी करील अशी भीती वाटते, त्यांनीही या वर्गाला जावे. तिथे कोणाचीही श्रद्धा ओढली जात नाही. ज्यांना वादात जिंकण्यासाठी वचनांची शिदोरी हवी आहे, त्यांची निराशा होईल. स्वतःचे बायबल बरोबर न्या, शक्य तर दोन भाषांतरे न्या, कारण टिपणांत वचने पूर्ण छापलेली नाहीत. खोली पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना अरुंद असल्याने वयस्करांना त्रास होतो. एका आजींना दोघांनी धरून चढवावे लागे. वास्कोकडे परतणाऱ्यांनी साडेसातला उठलेले बरे, कारण चर्चा लांबते आणि नंतरच्या बसची खात्री नसते.

पुढचा वर्ग पुन्हा पावसाळ्यात घेण्याचा बाईंचा विचार आहे. पवित्र आत्म्याला दोन पूर्ण संध्याकाळी द्याव्यात आणि त्यासाठी वर्ग आठ शनिवारांचा करावा, शुल्क वाढले तरी चालेल, असे आम्ही सात-आठ जणांनी मिळून सुचवले आहे. रमाबाईंच्या पत्रांविषयीचे टिपण तयार करण्याचे काम बाईंनी माझ्याकडे सोपवले आहे, आणि सर आत्म्याच्या सर्वनामांवर लिहिणार आहेत.